मंदाची खालची पापणी

आमचं गाव बघायचं म्हणाल तर दिसायचं न्हाई ताई, ते पाण्याखाली हाय. माझ्या आज्याच्या येळंला मुळशीचं धरण झालं, त्यात भाताची खाचरं गेली, देऊळ गेलं, आन मान्सं सरकत सरकत डोंगराच्या कडंला आली, तशी आमची वाडी झाली, इनमिन नऊ घरं. मला दिलं ते बी लांब न्हाई, वढ्याच्या पल्याडच्या वाडीत. आई म्हणायची, भागे, तुझी वरात निघाली तवा पुढला वाजंत्री नवऱ्याच्या दारात पोचला आन मागला अजून आपल्याच अंगणात व्हता. हसताय, पर खरं हाय. त्या वढ्यापल्याडच माझा सगळा जलम गेला. पौडाला जायाचं तर होडीनं ह्या काठाला यायचं, मग यस्टी, आन पावसाळ्यात वारं सुटलं की होडी बंद, मग मरा न्हाई तर जगा, तितंच.

म्हणून आमच्याकडं दवापाणी घरचंच. माझ्या आईच्या हाताला गुण व्हता, बिब्ब्याचा. बिब्बा म्हाईत हाय न्हवं तुमाला, लिंबू-मिरचीसंगं दाराला बांधत्यात तो काळा, त्याच्यात त्याल असतंय, लई जहाल. तो दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा, त्याल सुटलं की दुखतं तितं बारीक फुली मारायची, आन फुलीच्या भवतीनं खोबऱ्याचं त्याल लावायचं. ते लावायचं इसरायचं न्हाई. न्हाई लावलं तर बिब्बा उततो, म्हंजी पसरतो, आन जाईल तितलं कातडं जाळत जातो. कुणाच्या टाचंला भेगा पडल्या, कुणाचा पाय मुरगाळला, कुणाची दाढ सुजली, चला म्हातारीकडं. म्हातारी गेली आन तिच्या मागं लोकं माझ्याकडं यायला लागली. चार वाड्यांची मान्सं यायची बरं का. एक गडी तर लेकाच्या पाठुंगळी बसून आला आन चौथ्या दिशी आपल्या पायानं नारळ घिऊन आला. मला लई मान व्हता. लगनात बायका मला पुढं बसवायच्या. मान कुणाला नगं वाटतो? पर तो डोक्यात जातो, हे मागनं कळतं.

मंदा माझी एकलीच. तिच्या आदी न्हाई, मागनं न्हाई. डोळं असं टपोरं, बाप म्हणायचा ही आपल्यातली न्हाईच, कुणीतरी दारात ठिवून गेलंय. धोंडिबा माझा मालक, बोलणं कमी पर पोरीसंगं लई बोलायचा. तर ती चार वर्साची असताना चुलीवर पडली. पावसाचं दीस व्हतं, तिचा बाप कोळशाच्या भट्टीवर लोणावळ्याकडं गेलेला, आन ही खेळता खेळता पडली, डाव्या डोळ्याखाली गालाला भाजलं. पोरं पडत्यात. झालं ते झालं. लिवलं का तुमी? बरं.

जखम पंधरा दिसांनी वाळली, वाटलं सुटलो. डोळा शाबूत व्हता, दिसत व्हतं, अजून काय पायजेल? पर ताई, जखम वाळली तसं कातडं आवळाया लागलं. आज बघावं तर काय न्हाई, महिन्यानं बघावं तर खालची पापणी वाईच खाली. आन पोरगी वाढती तसा तिचा चेहरा वाढतुया, पर ते डागाचं कातडं वाढत न्हाई. म्हंजी दर साली पापणी अजून खाली. साताठ वर्साची झाली तवा पापणी उलटी पडून आतलं लाल लाल दिसाया लागलं. उजवा डोळा लक्षुमीचा आन डावा हा असा. रातीला झोपली तरी डावा मिटायचा न्हाई. म्या तिच्या अंगावर वाकळ घालाया जायची आन तो डोळा माझ्याकडं बघत असायचा, पोरगी झोपलेली आन डोळा जागा. म्या वाकळ घालायची आन भित्तीकडं तोंड करायची.

आन पाणी. त्या डोळ्यातनं पाणी थांबायचंच न्हाई. आता रडणारी पोरगी कुणाला आवडती सांगा. हळदीला गेलं तर बायका म्हणायच्या, अगं आनंदाच्या घरी रडू नगं. बारशाला गेलं तरी त्येच. ती हसत असायची वो, तोंडभर हसत असायची, आन डावीकडनं पाण्याची धार. पोरं रडकी म्हणायची. मास्तराला पयल्या दिशी वाटलं पोरगी घाबरली, त्यानं तिला गूळ दिला. दुसऱ्या दिशी परत दिला. तिसऱ्या दिशी मंदाच म्हणाली, गुरुजी, गूळ द्या, पर म्या रडत न्हाई, हा डोळाच तसला हाय. मास्तर आमच्या घरी आला, म्हणला पोरगी हुशार हाय, शाळा सोडवू नका. धोंडिबा म्हणला, शिकू दे, हिच्या लगनाचं तर काय खरं न्हाई. तशी ती शिकली, सातवी झाली, मग पौडाला मावशीकडं ऱ्हाऊन धावी झाली. आमच्या वाडीत धावी झालेली पयली पोरगी ती. म्हंजी त्या डोळ्यानंच शिकवली म्हणा की.

पोरगी बघाया पाव्हणं येऊन जायचं. एका बाईनं मला इचारलं, पोरगी रडती का? म्या म्हणलं, धूर हाय वो, वली लाकडं हायेत. बरं म्हणाली. चहा झाला, जेवण झालं, सुपारी झाली, चूल इझली, राख गार झाली, आन मंदाच्या डोळ्यातलं पाणी चालूच. त्या बाईनं चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन पिशवी उचलली. मंदा उलट मलाच म्हणाली, आये, पुढच्या येळंला पाव्हण्यांना जेवू घालू नगं, चहावरच पाठीव, तवर धूर टिकतोय. अशी ती. हसवायची आन म्या आत जाऊन रडायची.

ती धावी झाली त्या साली पौडाच्या शाळंत डोळ्यांचं शिबिर झालं. म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूचं व्हतं खरं, पर मावशीनं हिला बी रांगंत उबी केली. तितल्या डाक्टरनं डोळ्यात हिरवं पाणी घालून बॅटरीनं बघितलं, म्हणला बुबुळाला चरे पडाया लागलेत, डोळा मिटत न्हाई म्हणून सुकतुया, असाच ऱ्हायला तर नजर जाईल. पुण्याला न्या. त्यानं कागद लिवून दिला. बघा, येवडी वर्सं आमी लगनाचा इचार करत बसलो, आन डोळाच जायाची पाळी आलेली.

मग आमी पुण्याला, मोठ्या सरकारी दवाखान्यात. म्या आन मंदा. धोंडिबा आला न्हाई, म्हणला मला ते बघवायचं न्हाई. तितं एक डाक्टरीणबाई व्हत्या, भवतीनं सात-आठ शिकाऊ पोरंपोरी, पांढरं कोट घातलेली. बाईंनी मंदाला टुलावर बसवली, हनवटीला हात लावून तोंड वर केलं, आन त्या पोरांना दावाया लागल्या, ही पापणी बघा, ही बघा, किती खाली हाय. मला बी समजंल असं सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, आजी, (म्या तवा आजी न्हवते, पर ऱ्हाऊ द्या) पापण्या खालीवर व्हायाची लई कारणं असत्यात. कुणाला जलमापासनं, कुणाचं तोंड वाऱ्यानं वाकडं होतं तवा, कुणाच्या म्हातारपणी पापणी सैल पडती. हिची सैल न्हाई, हिची वढली गेलीया. लुगडं धुतल्यावर काठ आटला की सगळं लुगडं गोळा होतं न्हाई का, तसं. तो आटलेला काठ कापून मोकळा करायचा, पापणी वर न्यायची, आन खाली जी जागा पडंल तितं कानामागचं कातडं काढून जोडायचं. कानामागचंच का, तर ते पापणीच्या कातड्यावाणी पातळ असतंय. मग दोनी पापण्या एकीला एक शिवून ठिवायच्या काई दीस, म्हंजी नवं कातडं आवळणार न्हाई.

येवडं सांगून बाईंनी कागद पुढं वढला आन इचारलं, हे झालं कशानं?

म्या तोंड उघडलं, पर त्याच्या आत मंदा बोलली. सरळ बाईंच्या तोंडाकडं बघून बोलली. म्या चुलीवर पडले व्हते. आई घरात न्हवती, रानात गेली व्हती.

बाईंनी लिवून घेतलं. त्या पोरांनी बी लिवलं. चुलीचं म्या तिला सांगितलेलं व्हतं, ती लहान असल्यापासनं, सगळ्यांनाच सांगायची. पर आई घरात न्हवती, हे म्या कदी कुणाला सांगितलं न्हाई, ताई. हे तिनं जोडलं. तिनं मला घरातनं बाहीर काढलं. तवा मला कळलं की हिला म्हाईत हाय. कदीपासनं, कुणी सांगितलं, ते मला आज बी ठावं न्हाई.

आपरेशन झालं. चार तास आमी बाहीर, म्हंजी म्या एकलीच, दुसरं कोण व्हतं. बाहीर आली तवा निम्म्या तोंडाला पट्टी, कानामागं पट्टी. पुढं पट्टी काढली तवा डोळा शिवलेला, नवं कातडं काळं-निळं. म्या बाईंना म्हणलं हे सडलं का काय. त्या म्हणाल्या, न्हाई, धरलंय, रंग येईल. आन खरंच आला वो. महिन्यानं पापण्यांचं टाकं काढलं, मंदानं डोळा उघडला, आन खालची पापणी सरळ. उजव्यासारखी सरळ! पाणी न्हाई. बारा वर्सानं पोरीचा गाल कोरडा बघितला म्या. त्या खाटंवर बसून तिनं आरसा मागितला, बघितलं, आन म्हणाली, आये, आता मास्तराचा गूळ बंद.

डाक्टरीणबाई म्हणाल्या, अजून संपलं न्हाई. खरं काम आता हाय आन ते घरी करायचं हाय. नवं कातडं बी आवळाया बघंल. रोज दोन येळा बोटाला खोबऱ्याचं त्याल लावून गालापासनं वर पापणीकडं चोळायचं, चांगलं दाबून, चार-सा महिने. आन डोळा पुसायचा झाला तर खालनं वर पुसायचा, वरनं खाली कदी न्हाई. हिनं स्वतः करू नगं, चुकून खाली वढंल, घरातल्या कुणीतरी करा. कोण करंल?

आन मंदा म्हणाली, आई करंल. तिच्या हाताला गुण हाय.

म्या काय सांगू तुमाला, त्यापरीस तिनं माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. आन ती टोचून बोलली न्हाई, ताई. म्या तिचं तोंड बघितलं. खरं बोलत व्हती. मला देत व्हती ती काईतरी.

घरी आलो. सकाळी ती माझ्या म्होरं बसायची, डोळा मिटून, तोंड वर करून. म्या बोटाला त्याल घ्यायची. खोबऱ्याच्या त्यालाचा वास आला की म्या बाटलीचं बूच घाईनं लावून टाकायची. बोट गालाला लागायचं आन तितंच थांबायचं. दाबायचं कसं? ह्याच हातानं दाबायचं? म्या आपली वरल्या वर फिरवायची, माशी बसल्यावाणी. मंदा म्हणायची, आये, दाब की. म्या म्हणायची, दाबतीया. ती म्हणायची, दुखत न्हाई मला, दाब. आन मला दाबता यायचं न्हाई. दोन दीस करायची, चार दीस लावणीचं काम काढून निसटायची. लावणी संपली तर बेणणी, खाचरातलं गवत काढायचं. काम काय वो, काम असतंयच. म्या पोरीच्या तोंडाला भ्यायची, हे खरं. तिसऱ्या महिन्यात पापणी परत वाईच खाली आली. पाचव्यात अजून. सगळी न्हाई गेली, निम्मी गेली. पर गालावर पाणी आलं.

दवाखान्यात दावाया गेलो. बाईंनी बघितलं आन त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, चोळत व्हता का रोज?

मंदा म्हणाली, व्हय बाई, आई रोज दोन येळा चोळती, एक दीस चुकवला न्हाई.

मग बाई म्हणाल्या, तर मग शरीराचाच दोष, तुमी तुमच्या परीनं केलंत, आजी. पुढल्या साली परत आपरेशन करू. आन माझ्या पाठीवर हात ठिवला त्यांनी. ताई, त्या हाताखाली म्या कशी उबी ऱ्हायली माझं मला म्हाईत. परत यस्टीत बसलो, म्या खिडकीला. मंदानं शेंगा सोलल्या, निम्म्या माझ्या हातात दिल्या.

दुसरं आपरेशन झालं न्हाई. मंदाच म्हणाली, पुरं आता. डोळा मिटतुया, रातीला झोप लागती, नजर ऱ्हायली, मग अजून काय करायचंय, मला काय सिनेमात जायाचंय? आन पुढं एका कारखान्यातल्या पोरानं तिला पसंत केली, हितंच पिरंगुटाकडं कामाला हाय. भला माणूस. त्याला म्या धुराचं काय सांगितलं न्हाई, त्यानं बी इचारलं न्हाई. तो म्हणतुया, हिचा एक डोळा माझ्या नावानं रडतोय आन एक माझ्यावर हसतोय, दुसऱ्या बायका दोनीनं रडत्यात. मंदा आता अंगणवाडीत हाय. पोरांना गोष्टी वाचून दावती. पोरं म्हणत्यात बाई, राजा मेला म्हणून रडताय का, ती म्हणती व्हय.

तर ताई. मगाशी तुमाला चुलीवर पडली म्हणून सांगितलं ते खोटं हाय. तुमी लिवून बी घेतलं. ती पडली न्हाई. तिची दाढ सुजली व्हती, गाल फुगून डोळ्यापतूर आला व्हता, रातभर वरडत व्हती. होडी बंद. बाप भट्टीवर. आन घरात म्या, चार वाड्यांना बिब्बा घालणारी. सकाळी म्या बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, आन बघती तर खोबऱ्याचं त्याल न्हाई. बाटली रिकामी. शेजारणीकडं मागाया जायाचं तर पाऊस, पोरगी वरडतीया. म्या म्हणलं, माझ्या हातानं आजपतूर कदी उतलाय का, एका फुलीनं काय व्हतंय. त्यालाबिगर घातला. गालावर एक घातली, आन सूज वर चढलीया म्हणून दुसरी डोळ्याखाली घातली. पोरीनं ते हातानं चोळलं. झालं. सांजच्याला सगळा गाल फोडांनी भरला, डोळा दिसंना. दुसरी कुणी चार वाड्यात असती तर तिनं त्याल मागून आणलं असतं, ताई. म्या न्हाई आणलं. माझ्या हाताला गुण व्हता न्हवं.

धोंडिबा भट्टीवरनं आला. पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. फळीवरचा बिब्ब्याचा डबा घेतला आन धरणात टाकून आला. मरस्तवर त्यानं ते तोंडातनं काढलं न्हाई. दोन सालं झाली त्याला जाऊन. लोकं पुढं बी बिब्ब्याला यायची, म्या म्हणायची सोडला, तर एक बाई मलाच शिव्या घालून गेली, म्हणाली हिला गर्व झालाय.

मंदा महिन्यातनं एकदा येती. दर येळंला म्या ठरवती, आज बोलायचं. भाकऱ्या थापता थापता बोलायचं. तिचा डोळा वाहतुया, म्या पदराचा शेव घेती आन पुसती, खालनं वर, बाईंनी सांगितलं तसं. आता काय उपेग न्हाई त्याचा, पर तसंच पुसती. म्या वर पुसती, पाणी खाली येतंय. आन तवर तिची होडी येती.

मला अक्षर येत न्हाई, तुमच्या वर्गात सई करायपुरतं शिकले तेवडंच. तिला येतं. तुमी हे छापलंत की एक कागद मला द्या. ती आली की म्या तिच्या हातात ठिवीन. चुलीचं लिवलंय ते खोडू नका, ते तिनं माझ्यासाटी सांगितलेलं हाय, ते ऱ्हाऊ द्या. त्याच्याखाली बिब्ब्याचं लिवा, आन त्यालाचं लिवा, आन चोळलं न्हाई ते बी लिवा. ती वाचाया बसली की म्या म्होरं बसीन, पळायची न्हाई. डाव्या डोळ्यातनं पाणी येईल, ते नेहमीचंच हाय. म्या उजव्याकडं बघीन.